खोटा गंज

गंज या पदार्थाविषयी चार चांगले शब्द बोलणारा मनुष्य आपल्याकडे विरळाच. विळीला गंज चढला की गृहिणी ती विटेच्या पुडीने घासते, सायकलच्या कडीला चढला की मुलगा तेल शोधतो, आणि मनुष्याच्या बुद्धीला चढला की आपण सारेच त्याच्याविषयी कुजबुजतो. गव्हावरच्या रोगालासुद्धा आपल्या शेतकऱ्याने तांबेरा असे नाव दिले ते त्या गंजासारख्या रंगावरूनच. असा हा सर्वांच्या द्वेषाचा विषय. तो मुद्दाम, वेळ खर्च करून, ब्रश आणि रंग हाती घेऊन, जेथे लोखंडाचा कणही नाही अशा पुठ्ठ्यावर आणि प्लॅस्टिकवर चितारणारे लोक जगात आहेत, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. परंतु छोट्या रेल्वेची, म्हणजे टेबलावर मांडलेल्या नमुन्याच्या आगगाडीची, ज्याला आवड आहे त्याला विचारावे. इंजिन विकत मिळते, रूळ विकत मिळतात. गंज मात्र ज्याचा त्यानेच रंगवावा लागतो. आज या खोट्या गंजाविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की लहान प्रमाणात जग उभे करण्याची हौस आम्हा बेळगावकरांना नवी नाही. दिवाळी आली की गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. शिवनेरी, राजगड, प्रतापगड यांचे बुरूज पोरे पायाने चिखल तुडवून रचतात आणि त्यावर अळीव पेरतात. आमच्या घरी नाताळात ख्रिस्तजन्माचा गोठा मांडतात, त्यात कागदाचे डोंगर आणि गवताचे छप्पर असते. आणि माझी अशी समजूत आहे की दिवाळीचा किल्ला करणारा हात आणि नाताळचा गोठा करणारा हात हे एकाच मुलाचे असले तरी ओळखू येऊ नयेत, इतकी ती विद्या एकच आहे. त्यामुळे आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या काही मुलामुलींनी रेल्वेचा नमुना करावयाचे ठरविले तेव्हा माती, पुठ्ठा, लाकडाचा भुसा आणि डिंक यांविषयी त्यांना शिकवावे असे माझ्याजवळ फारसे काही नव्हते. अडले ते गंजापाशी.

नमुना कशाचा, हे आधी सांगतो. आठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशा प्लायवुडवर त्यांना जुन्या मीटरगेजचे यार्ड करावयाचे होते. सदर्न मराठा रेल्वेने १८८०च्या दशकात या भागात रूळ आणले. १८८८ मध्ये मुरगावहून निघालेली पोर्तुगीज हद्दीतील लाईन घाट चढून कॅसलरॉकला पोचली आणि लोंढ्याच्या वाटेने देश समुद्राला जोडला गेला. हे सारे रूळ एक मीटर रुंदीचे होते. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी देशभरची माणसे बेळगावात उतरली ती याच अरुंद रुळांवरच्या गाड्यांतून. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिरज ते लोंढा ही वाट ब्रॉडगेज झाली आणि मीटरगेजचे रूळ उपटले गेले. वाघिणी मोडीत निघाल्या. आज जी मुले माझ्या वर्गात बसतात त्यांच्यापैकी एकानेही ती गाडी पाहिलेली नाही. त्यांचे आजोबा मात्र त्याच गाडीने आयुष्यभर गेले-आले, आणि काहींनी तिच्यावर नोकरी केली. तेव्हा हा खेळ म्हटला तर खेळ, आणि म्हटले तर घराघरांतून निसटत चाललेली एक आठवण पकडून ठेवण्याचा प्रयत्न.

येथे एका मुलीच्या हिशोबाचे मला कौतुक वाटते ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाजारात सहज मिळणारे खेळाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. ते युरोप-अमेरिकेतील रुळांच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने केलेले असतात. आमच्या मीटरगेजला ते त्या प्रमाणात फार रुंद होत. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरच भरते, आणि तसले रूळ येथे मिळणे कठीण. सारे हताश झाले असता ही मुलगी म्हणाली, रूळ बदलत नाहीत तर आपण बाकीचे जग बदलू. साडेसोळाला साठाने गुणले की नऊशे नव्वद, म्हणजे एक मीटरला दहा मिलिमीटरच कमी! इमारती, झाडे, माणसे, वाघिणी सारे काही साठाव्या हिश्शाने करावयाचे ठरले आणि पेच सुटला. साडेपाच फुटी स्टेशनमास्तर अठ्ठावीस मिलिमीटरांचा झाला.

हे प्रमाण गंजाच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचे आहे, आणि नवशिक्यांचे पाऊल बहुधा येथेच घसरते. लोखंड गंजले की त्याला पापुद्रे सुटतात, हात लावला तर खरखरीत लागते. म्हणून पुष्कळजण रंगात वाळू किंवा भुसा मिसळून खडबडीत थर देतात. साठाव्या हिश्शाच्या जगात एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे सहा सेंटिमीटरांचा धोंडा. असला गंज जर खऱ्या वाघिणीवर असता तर ती वाघीण रुळावर चढण्याआधीच कोसळली असती. खऱ्या पापुद्र्याची जाडी या प्रमाणात डोळ्याला दिसूच शकत नाही. दिसतो तो केवळ रंग. तेव्हा खोटा गंज हा गुळगुळीतच असावयास पाहिजे. त्याचा खरखरीतपणा फक्त रंगाच्या छटांनी भासवावयाचा. दुसरी गोष्ट, चार हातांवरून पाहिलेला नमुना म्हणजे साठपट अंतरावरून पाहिलेली खरी वस्तू, आणि लांबून पाहिलेला रंग नेहमी थोडा फिका व धुरकट असतो. म्हणून डबीतला भडक रंग तसाच लावू नये. त्यात किंचित करडा मिसळावा.

आता गंज म्हणजे काय हे थोडे पाहू. शाळेत आपण सर्वांनीच तो तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग केलेला आहे. एका नळीत कोरड्या हवेतला खिळा, दुसरीत उकळून हवा काढलेल्या पाण्यातला आणि वर तेलाचा थर दिलेला, तिसरीत साध्या पाण्यातला. आठवड्याने गंजलेला सापडतो तो तिसराच. पाणी आणि प्राणवायू दोन्ही एकत्र आल्याखेरीज लोखंड गंजत नाही. त्यात मिठाची भर पडली तर काम अधिक झपाट्याने होते. या प्रयोगाचा चित्रकाराला फार मोठा उपयोग आहे. कारण गंज कोठे रंगवावा, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे: जेथे पाणी थांबते तेथे. वाघिणीच्या सपाट बाजूवर पाणी ओघळून जाते, तेथे गंज थोडा. दाराच्या खालच्या पट्टीत, दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यात, रिव्हेटच्या डोक्याखाली, रंग खरवडला गेलेल्या कोपऱ्यात पाणी बसते, तेथे गंज फार. आणि तेथून तो पुढच्या पावसाबरोबर खाली ओघळतो, नेहमी खालीच. एका मुलाने हौसेने आडवे ओघळ काढले होते. त्याला मी एवढेच विचारले की बाबा, तुझ्या गावात पाऊस आडवा वाहतो का? त्यावर वर्गातील खानापूरकडचा एक पोर गंभीरपणे म्हणाला, “आमच्याकडे वाहतो, सर.” खानापूर तालुक्यातला आषाढातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे ते त्याला दोष देणार नाहीत.

पत्र्याच्या छपरांचा गंज आम्हाला शिकविला तो निपाणीच्या एका मुलाने. निपाणी एवढी मोठी तंबाखूची पेठ, पण तिला आजतागायत रूळ लागलेला नाही. रेल्वे गाठावयाची तर कोल्हापूर नाही तर चिकोडी रोड. त्यामुळे गाडीविषयी हा मुलगा सर्वांत अडाणी ठरला, आणि वखारींविषयी सर्वांत जाणता. त्याचे बालपण तंबाखूच्या वखारींच्या पन्हळी पत्र्यांखाली गेलेले. त्याने सांगितले की नवा पत्रा जस्ताच्या मुलाम्यामुळे वर्षानुवर्षे करडाच राहतो; गंज प्रथम धरतो तो खिळ्याच्या भोकाशी आणि एका पत्र्याची कड दुसऱ्यावर येते तेथे. मग पन्हळीच्या खोलगट भागातून तो पागोळीकडे उतरतो. आणि सर्व पत्रे एकाच वयाचे कधीच नसतात. मध्येच एखादा बदललेला असतो, तो लख्ख. आमच्या गुड्सशेडचे छप्पर त्याने एकट्याने रंगविले. त्यात एक पत्रा त्याने नवा कोरा ठेवला आहे, आणि माझ्या मते साऱ्या नमुन्यात पाहण्यासारखी जर एकच जागा असेल तर ती तो पत्रा होय.

रंगांची गोष्ट याहून गमतीची आहे. चित्रकलेच्या पेटीत बर्ंट सिएना नावाची नळी असते. इटलीतील सिएना गावाजवळच्या पिवळ्या मातीवरून तिला हे नाव पडले. ती माती भाजली की तांबूस होते, कारण तिच्यात लोहाचा ऑक्साइड आहे. म्हणजे ती नळी मुळात गंजाच्याच जातीची. अंबर नावाच्या तपकिरी रंगात लोहाबरोबर मँगनीजही असते, म्हणून तो अधिक काळपट. परंतु सिएनाला जाण्याची आम्हाला गरज काय? आमच्या अंगणात काव आहे, गेरू आहे. बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागले की दुतर्फा जी लाल माती आणि जांभा दगड दिसतो त्याचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडचाच. खानापूरचे कुंभार हीच माती भाजून मडकी करतात. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या घरांच्या, देवळांच्या भिंतींवर कावेने कोरलेली नक्षी आपण पाहिली असेल. तोही हाच पदार्थ. तेव्हा आमच्या मुलांनी महागड्या आयात पुडीच्या ऐवजी जांभ्याची भुकटी खलबत्त्यात कुटली, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळली, आणि तीच वापरली. खोटा गंज रंगवावयाला खऱ्या गंजाची माती, यात लबाडी कोणाची आणि कोणाशी हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक विनोद निसर्गाने नव्हे, माणसाने केलेला आहे. आपल्या मालगाड्यांच्या वाघिणींना जो तांबूस तपकिरी रंग असतो त्याला कारागीर रेडऑक्साइड म्हणतात. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर लावलेला हा रंग, आणि त्याच्यातले रंगद्रव्य म्हणजे पुन्हा लोहाचा ऑक्साइडच! गंज येऊ नये म्हणून गंजाच्या भावाला पहाऱ्यावर बसविण्यासारखे हे आहे. चित्रकाराची मात्र यामुळे पंचाईत होते. तांबड्यावर तांबडे दिसत नाही. वाघिणीच्या बाजूंना म्हणून थोडी धूळकट, उन्हाने विटलेली छटा द्यावी आणि गंज त्याहून गडद घ्यावा, म्हणजे दोन्ही वेगळे कळतात. याहून सूक्ष्म फरक खनिजाच्या गाड्यांचा. बळ्ळारी-होसपेट भागातील लोहखनिज लोंढा, कॅसलरॉक मार्गे मुरगाव बंदराकडे वर्षानुवर्षे गेले. त्या वाघिणी लालभडक दिसतात; पण तो गंज नव्हे, खनिजाची धूळ. धूळ वरून पडते, म्हणून ती वरच्या कडांवर आणि आतल्या बाजूला बसते. गंज सांध्यातून फुटतो आणि खाली उतरतो. ज्याला हा भेद समजला त्याचा हात पुढे चुकत नाही.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी, की ती ऐकून येत नाही, करून येते. प्लॅस्टिकची वाघीण असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी, बोटांचे तेल त्यावर राहता कामा नये. चकाकी नसलेला करडा थर द्यावा. भांडी घासावयाच्या स्पंजाचा सुपारीएवढा तुकडा हाताने तोडावा. कात्रीने कापू नये, कारण कापलेली कड सरळ येते आणि गंजाला सरळ कड नसते. तो गडद तपकिरी रंगात बुडवून, जुन्या वर्तमानपत्रावर बहुतेक रंग टिपून टाकून, हलकेच टेकवावा. हा सर्वांत जुना गंज. त्याच्यावर, त्याच्या आतच राहील असा, थोडा तांबूस. आणि त्याच्याही मध्ये, अगदी दोन-चार ठिकाणी, नारिंगी. हा कालच्या पावसाचा गंज. जुना गंज जागा व्यापतो आणि नवा कोपऱ्यात असतो. नवशिके नेमके उलटे करतात, सगळीकडे नारिंगी फासतात, आणि वाघीण झेंडूच्या फुलासारखी दिसू लागते. ओघळासाठी अगदी बारीक ब्रशाने एक रेघ ओढून, ती ओली असतानाच दुसऱ्या ओलसर ब्रशाने खाली पुसत न्यावी.

रंगाचे पोपडे सुटलेले दाखवावयाचे असतील तर मिठाची युक्ती आहे. तपकिरी थर वाळला की त्यावर पाण्याचा हात फिरवून जाडे मीठ थोडे थोडे भुरभुरावे, ते चिकटून वाळू द्यावे, आणि वरून वाघिणीचा मूळ रंग पातळ फवारावा. वाळल्यावर मीठ ब्रशाने झाडून टाकले की तेथे तेथे आतला तपकिरी उघडा पडतो, आणि हे डाग इतके बेशिस्त असतात की मनुष्याच्या हाताला जाणून तसे काढता येत नाहीत. मनुष्याचा हात, विशेषतः शिक्षकाचा, दोन ठिपक्यांत सारखे अंतर ठेवावयाला फार उत्सुक असतो. शेवटी जांभ्याची भुकटी कोरड्या मऊ ब्रशाने लावावी आणि चकाकी नसलेल्या वार्निशाचा हलका फवारा द्यावा. वार्निशाने भुकटीचा रंग गडद होतो, म्हणून लावताना ती एक छटा फिकी घ्यावी.

ही कला कोणी काढली? छोट्या रेल्वेच्या जगात अमेरिकेतील जॉन ॲलन यांचे नाव यासंबंधात आदराने घेतले जाते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे आपल्या घरात त्यांनी उभारलेल्या रेल्वेत इंजिने मळलेली, शेड झिजलेल्या, पूल जुनाट होते, आणि त्या काळी ही गोष्ट नवी होती. कारण तोपर्यंत नमुना म्हणजे कोरा करकरीत अशीच समजूत होती. १९७३ मध्ये ते वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागून ती रेल्वे नष्ट झाली. आपल्याकडे पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले झाले. तेथे मुलांना नेलेच पाहिजे. अनेक प्रकारच्या गाड्या तेथे ध्वनी-प्रकाशासह धावतात आणि मुले टाळ्या पिटतात. तेथील जग उत्सवाचे आहे, आणि उत्सवाला गंज शोभत नाही. त्या संग्रहालयाचा हेतू आणि आमच्या यार्डाचा हेतू हे दोन वेगळे आहेत, त्यात डावे-उजवे नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय मला हौसेपलीकडचा वाटू लागला तो सांगतो. रूळ रंगविण्याचे काम चालू होते. खेळाचे रूळ निकेल-सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूचे असतात. नावात चांदी असली तरी तिच्यात असते तांबे, निकेल आणि जस्त, आणि ती गंजत नाही. म्हणून त्यांच्या बाजूंना तपकिरी रंग द्यावा लागतो. मुलांनी चारही लाईनी एकसारख्या, वरून खालून, सुबक रंगविल्या होत्या. त्या दिवशी एका विद्यार्थ्याचे आजोबा त्याला न्यावयास आले. ते मीटरगेजच्या काळी कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ते बराच वेळ टेबलापाशी वाकून उभे राहिले. मग नातवाला म्हणाले, “अरे, ह्या सगळ्याच लाईनी बंद पडल्यात काय?”

मुले गोंधळली. म्हाताऱ्याने बोट ठेवून समजावून सांगितले. ज्या रुळावरून गाडी जाते त्याचे डोके चाकांनी घासून आरशासारखे चकाकते. बाजू तेवढ्या गंजतात. ज्या साइडिंगवर आठ-पंधरा दिवसांनी एखादी वाघीण ढकलतात तिचे डोके मधोमध चकाकते आणि कडेला तांबूस असते. डोक्यावरही सगळीकडे गंज धरला तर ती लाईन मेली असे समजावे. “रुळाकडं बघितलं की कळतं की हो, गाडी कधी गेली ते. सांगायला माणूस लागत नाही.” त्यांनी आणखी सांगितले की घाटात उतारावर ब्रेकची ठोकळी झिजून लोखंडाचा भुगा पडतो, तो ओला होऊन गंजतो, आणि तेथली खडी नि स्लीपर सपाटीवरच्यापेक्षा जास्त तपकिरी असतात. कॅसलरॉकखालचा घाट सदतिसास एक अशा चढणीचा आहे. तेथला तपकिरी रंग किती दाट असेल याची कल्पना करावी. फिशप्लेटला ते तेल देत, म्हणून दर जोडाशी काळपट डाग असतो. हा डाग कोणत्याही रंगकामाच्या पुस्तकात मला आढळला नाही.

मुलांनी त्याच संध्याकाळी मुख्य लाईनीचे डोके घासून लख्ख केले, दुसरी अर्धवट ठेवली, आणि अगदी टोकाची साइडिंग तशीच गंजलेली राहू दिली. यात विजेचाही योग जुळून आला. नमुन्याच्या इंजिनाला बारा व्होल्टचा प्रवाह रुळाच्या डोक्यातूनच मिळतो. तेथे रंग राहिला तर इंजिन जागचे हलत नाही. आणि खऱ्या रेल्वेतही, जेथे ट्रॅक सर्किटवर सिग्नल चालतात तेथे, रुळाच्या डोक्यावर गंजाचा पापुद्रा असला तर वरून गाडी उभी असूनही यंत्रणेला ती समजत नाही असा धोका असतो. खऱ्यात आणि खोट्यात एकच नियम लागू झालेला पाहून आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनाही समाधान वाटले.

स्टेशनच्या पाटीवरून जो वाद झाला तो सीमाभागात न होता तरच नवल. ऑफिसबाहेरच्या लोखंडी पाटीवर गावाचे नाव काय आणि कोणत्या लिपीत लिहावे, यावर मुलांत दोन तट पडले. एकाने मधला मार्ग सुचविला: नाव गंजवून टाकू, म्हणजे वाचताच येणार नाही! कल्पना चतुर होती, पण मी ती मानली नाही. गंज अक्षरे ओळखत नाही; तो कडेने आणि बोल्टच्या भोकाने आत येतो, आणि अक्षरांचा जाड रंग उलट सर्वांत शेवटी जातो. जुन्या पाट्या म्हणूनच वाचता येतात. शेवटी ज्या काळाचे यार्ड आहे त्या काळच्या छायाचित्रात जशी पाटी दिसेल तशी करावी असे ठरले, आणि तसे छायाचित्र घरोघरी शोधावयास मुले निघाली. कोणा तरी आजीच्या पेटीत ते सापडेल अशी मला आशा आहे. तोपर्यंत पाटी कोरी आहे.

नमुना एका प्रदर्शनात मांडला तेव्हा परीक्षकांपैकी एकाने वहीत शेरा मारला की काम कष्टाचे असले तरी स्वच्छता व टापटीप यांचा अभाव आहे. मुले हिरमुसली. काही पालकांनीही सुचविले की पुढच्या वेळी वाघिणींना छान निळा-पिवळा रंग द्यावा, फोटो चांगला येतो. त्यांच्या म्हणण्यात वाईट हेतू नव्हता. मुलाचे काम उजळ दिसावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु वर्गात या प्रश्नावर मत घेतले तेव्हा मुलांनी एकमताने गंज ठेवला. कारण विचारता ती कीमनची नात नव्हे, नातू नव्हे, तर ज्याच्या घरात कोणीच रेल्वेत नव्हते असा तो निपाणीचा मुलगा म्हणाला की रंग नवा दिला तर गाडी दुकानातली होईल, आत्ता ती गावातली आहे.

गंज आणि रेल्वे यांच्या संबंधात एक गोष्ट सांगावयाची राहिली. सर्वच गंज शत्रू नसतो. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत कोर-टेन नावाचे पोलाद निघाले. त्यात तांबे, क्रोमियम वगैरे अल्प प्रमाणात असतात. त्यामुळे त्यावर येणारा गंज सुटून न पडता घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. त्याचा आरंभीचा उपयोग झाला तो रेल्वेच्याच वाघिणींसाठी. पेरांबूरच्या कारखान्यातून निघालेल्या आपल्या डब्यांनाही या जातीचे पोलाद वापरले गेले. हा गंज रंगविणे मात्र फार अवघड. तो एकसारखा, मखमली, जांभळट तपकिरी असतो, त्यात नारिंगी जवळजवळ नसतेच. स्पंजाने तो येत नाही. पातळ रंगाचे सहा-सात हात एकावर एक द्यावे लागतात. आमच्या यार्डात त्याला स्थान नाही.

मागील आठवड्यात ते आजोबा पुन्हा आले होते. त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून एक रुळाचा खिळा आणला. मीटरगेज उपटले तेव्हा कोठे तरी पडलेला त्यांना सापडला होता. मुलांनी तो टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला आहे आणि रंग कालवताना त्याच्याशी ताडून पाहतात. गंमत अशी, की पावसाळी हवेत त्याची एक बाजू नारिंगी होऊ लागली आहे, त्यामुळे मागच्या महिन्यात जुळविलेली छटा आता जुळत नाही. खिळ्याला तेल द्यावे की देऊ नये यावर सध्या वर्गात चर्चा चालू आहे.